मक्याची भाकर, गव्हाची भाकर

ग्वादालूपे मातेच्या दर्शनासाठी आम्ही मेक्सिको शहरी गेलो, तेव्हा एक लहानसा प्रमाद आमच्या हातून घडला. बॅसिलिकेबाहेर एका वृद्ध बाईंच्या गाड्यावर आम्ही 'बुरीतो' मागितला. अमेरिकेत आप्तांकडे तो खाल्ला होता व तेच मेक्सिकोचे अन्न, अशी आमची समजूत. बाई हसल्या. तो पदार्थ उत्तरेकडचा, असे आमच्या सोबत्याला सांगून त्यांनी आमच्या हाती दोन ताको ठेवले.

दोहोंतही सारण तोर्तिया नावाच्या भाकरीतच असते, भेद पिठापासूनचा. ताकोची तोर्तिया तिथे मक्याची. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, धुऊन वाटतात. या पिठाला ताण सोसत नाही; म्हणून भाकर तळहाताएवढी करतात व सारण ठेवून नुसती दुमडतात. बुरीतोची तोर्तिया गव्हाची, चरबी घालून मळलेली. ती ताणली जाते. त्यामुळे मोठी लाटून, कडा आत मुडपून तिचे बंद पुडके होते.

गहू मात्र तेथला नव्हे. तो 16व्या शतकात स्पॅनिशांबरोबर आला. त्यांना तो पावासाठी हवा होता, तसाच वेदीसाठीही. कारण मिस्साची भाकर गव्हाचीच हवी. वायव्येच्या कोरड्या मुलखात 1687 पासून येशूसंघीय फादर युसेबियो किनो यांनी मिशनांतून गव्हाची शेती रुजविली. मक्याला गोऱ्यांनी हलके लेखले. तोच मका युरोपात नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. चुन्यामुळे मोकळे होणारे जीवनसत्त्व न लाभल्याने मक्यावरच जगणाऱ्या तेथील गरिबांना पेलाग्रा जडला.

त्याच सकाळी पवित्र मिस्साबलिदानात आम्ही ख्रिस्तशरीर स्वीकारले होते. वेदीवर गहू, दाराबाहेर मका! वसईत आपलेही असेच: वेदीवर गहू, चुलीवर तांदूळ. शहरातील शाळेत आईने दिलेली तांदळाची भाकर आम्ही डब्याच्या झाकणाआड दडवून खात असू; पाव असला, की डबा उघडा ठेवीत असू. आईने ते कधीतरी ओळखले असावे. कारण पुढे ती पावच देऊ लागली.

प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागताना ती कोणत्या धान्याची, हे आपण सांगत नाही. त्या बाईंना ते ठाऊक होते. आम्हांला ते कळले, तेव्हा आई हयात नव्हती.