जिना

घरी आम्ही 'सीढी' म्हणतो, वर्गात उर्दूत 'जीना' शिकवतो आणि मराठीत बोलताना 'जिना'. फारसीतला हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की, तो बाहेरून आला हे कुणाला आठवतही नाही. पण जिना ही थांबून पाहण्याची गोष्ट आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले.

आमचे बालपण धुळ्यात, धाब्याच्या घरात गेले. बाहेरून लाकडी शिडी लावलेली. उन्हाळ्यात अंथरुणे डोक्यावर घेऊन अम्मी सरसर वर चढायची. शिडीकडे कोण पाहतो?

पुढे जळगावला नोकरी लागली. शाळेची सहल गोव्याला गेली, तेव्हा पणजीचे चर्च पाहिले. 1619 साली ते नव्याने बांधले गेले. पुढचा पांढरा जिना नंतरचा. तो सरळ वर जात नाही. दोन्ही बाजूंनी निघतो, मधल्या टप्प्यावर भेटतो, पुन्हा फाकतो. आमच्या मुली आपोआप दोन तुकड्यांत वाटल्या गेल्या. प्रत्येक टप्प्यावर समोरासमोर आल्या की हसायच्या आणि पुन्हा वेगळ्या व्हायच्या. धापा कुणालाच लागल्या नाहीत.

मग आम्ही याच बरोक शैलीतल्या महालांची चित्रे शोधली. जर्मनीत व्युर्त्सबुर्गला बाल्थाझार नॉयमान याने बांधलेला जिना आहे. वर एकही खांब नसलेले प्रचंड छत, त्यावर तिएपोलोने 1752-53 मध्ये चार खंड रंगवले. आपला आशिया हत्तीवर बसलेला. पायऱ्या चढताना आधी अमेरिका दिसते. टप्प्यावर वळले की युरोप. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात महाल जळाला, पण हे छत टिकले. अशा महालांत पाहुणा जितका मोठा, तितका यजमान जास्त पायऱ्या उतरून सामोरा येई. हा मानपानाचा हिशेब आम्हाला आवडला नाही, पण पायऱ्यांचा हिशेब पटला. सतराव्या शतकातला फ्रेंच वास्तुकार ब्लाँदेल सांगतो: पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी, म्हणजे साधारण 2 फूट, हवी.

घरी येऊन आम्ही फूटपट्टी काढली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पायरीची उंची साडेआठ इंच, रुंदी नऊ. बेरीज 26. वळणावर टप्पाच नाही, तिकोनी पायऱ्या. ती जागा बिल्डरने खोल्यांत घातली असावी. अम्मीचे गुडघे गेले आहेत. दोन वर्षांपासून ती ईदला आणि दवाखान्यालाच खाली उतरते. "पायऱ्या वाढल्या का रे बेटा?" असे विचारते. आम्ही हसण्यावारी नेत होतो. पट्टी हातात असताना हसू आले नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दाराबाहेर एक खुर्ची ठेवली आहे. वर येताना अम्मी तिथे टेकते. काकू चहा घेऊन बाहेर येतात. दोघींचे बोलणे संपेपर्यंत आम्ही पिशव्या घेऊन खालच्या पायरीवर उभे असतो.