कुलवृत्तांतासाठी चार ओळी

अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्द एकदाही येत नाही. १७८७ साली फिलाडेल्फियात बसून ज्यांनी ती लिहिली, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे गुलाम होते. पण कागदावर ते नुसते 'इतर व्यक्ती' झाले. राज्याची लोकसंख्या मोजताना अशा प्रत्येकाचा तीन-पंचमांश हिस्सा धरायचा, असं ठरलं. पळून गेलेला गुलाम म्हणजे 'सेवेला किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती', आणि ती कुठल्याही राज्यात सापडली तरी मालकाच्या हवाली करायची. गुलामगिरी हा शब्द घटनेत पहिल्यांदा आला तो १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, म्हणजे ती बंद करताना. मधे अठ्ठ्याहत्तर वर्षं आणि एक यादवी युद्ध.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. एखाद्या गोष्टीला तिच्या नावाने हाक मारायची नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, की ती गोष्ट सगळीकडे पसरते आणि नंतर उपटता येत नाही, हे आम्हाला रोजच्या कामात कळतं. पण हे रूपक मी इथेच सोडते. माणसांची विक्री आणि आमच्या कोडमधला गुंता यांची तुलना फार वेळ करू नये.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने मला व्हर्जिनियातल्या रिचमंडला पाठवलं. हे शहर म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेची राजधानी. रॉबर्ट ली या त्यांच्या सेनापतीचा घोड्यावरचा भव्य पुतळा इथे १८९० मध्ये उभा राहिला आणि २०२१ मध्ये उतरवला गेला. मी आले तेव्हा तिथे काहीच नव्हतं. शहराच्या खालच्या अंगाला, शॉको बॉटम नावाच्या सखल भागात, गुलामांचा बाजार भरत असे. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखात जी माणसं विकली गेली, त्यांचा हा फार मोठा अड्डा. आज त्यावरून हायवे जातो. मी कामावर जाताना तोच हायवे घ्यायचे.

आमच्या टीममधला एक सहकारी, इथल्याच जुन्या घराण्यातला, भला माणूस. त्याने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं की ते युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं. मी मान हलवली आणि घरी जाऊन वाचायला बसले. त्याच सुमारास खामगावहून बापूकाकांचा फोन आला.

काका आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढतायत. वंशावळ झाली, कुलदैवत झालं, वाड्याचे फोटो झाले. आमचं घराणं सावकारी आणि कास्तकारीचं. वाडा 'अमेरिकेच्या लढाईत' उठला, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लहानपणी मला वाटायचं, आमचे कुणी खापरपणजोबा तिकडे लढायला गेले होते की काय! "तू तिथंच राहतेस न," काका म्हणाले, "मग त्या लढाईवर चार ओळी लिहून दे. तेजी कशी आली तेवढं आलं पाहिजे. जास्त पाल्हाळ नको."

तेजीचं मूळ सरकीत आहे. वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कापूस वेचणं एक काम आणि रुईपासून सरकी सुटी करणं दुसरं. आपल्याकडे त्यासाठी रेचा होता: दोन लाटा, मधून कापूस घातला की रुई पलीकडे, सरकी अलीकडे. अमेरिकेच्या दक्षिणेत आतल्या जमिनीत जो आखूड धाग्याचा कापूस यायचा, त्याची सरकी रुईला इतकी घट्ट चिकटलेली की रेच्याने भागत नसे. १७९३ मध्ये एली व्हिटनीने दातेरी जिन बनवलं आणि हा प्रश्न मिटला. शाळेत आपण यंत्राने श्रम वाचतात असं शिकतो. इथे उलटं झालं. सरकी काढणं स्वस्त झालं, म्हणून लागवड वाढली. लागवड वाढली, म्हणून निंदणी-वेचणीला हात हवे झाले. आणि ते हात विकत घेतले गेले. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख. देशाच्या निर्यातीतला निम्म्याहून अधिक माल एकटा कापूस होता आणि लँकेशायरच्या गिरण्या त्यावर चालत होत्या.

पुढचं राजकारण थोडक्यात सांगते, कारण ते एकाच भांडणाच्या आवृत्त्या आहेत: पश्चिमेला जी नवी राज्यं होतील, तिथे गुलामगिरी असेल की नसेल? १८२० मध्ये नकाशावर रेघ मारून तडजोड झाली. १८५० मध्ये दुसरी तडजोड झाली आणि तिच्यासोबत पळालेल्या गुलामांना पकडण्याचा कडक कायदा आला. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने जुनी रेघ पुसली आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडलं. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिक असूच शकत नाही. १८५९ मध्ये जॉन ब्राऊनने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला आणि तो फासावर गेला. १८६० मध्ये लिंकन निवडून आला. असलेली गुलामगिरी मोडीन असं तो म्हणत नव्हता, ती पसरू देणार नाही इतकंच म्हणत होता. दक्षिणेला तेवढंही पुरलं.

आता राज्यांच्या हक्कांचं. फुटून निघताना काही राज्यांनी कारणांचे जाहीरनामे काढले. ते कुणालाही वाचता येतात, आणि वाचल्यावर वाद फारसा उरत नाही. मिसिसिपी सुरुवातीलाच सांगते की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, आणि त्या उन्हात काम करणं फक्त काळ्या माणसालाच झेपतं. साऊथ कॅरोलायनाची मुख्य तक्रार काय, तर उत्तरेतली राज्यं आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत द्यायचं टाळतात. म्हणजे राज्यांनी हक्क वापरला, हाच राग! दक्षिणेने स्वतःची नवी घटना केली तेव्हा तिच्यात 'इतर व्यक्ती' वगैरे संकोच ठेवला नाही. गुलाम हा शब्द सरळ लिहिला आणि त्यांच्यावरच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करायला बंदी घातली. त्या माणसांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला विचित्र आदर वाटतो. लपवाछपवी त्यांच्या नातवंडांनी केली.

१२ एप्रिल १८६१ ला फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या. पण मला हे युद्ध समजलं ते दुसऱ्या एका किल्ल्यात. रिचमंडपासून दीडेक तासावर, हॅम्प्टनला, फोर्ट मन्रो आहे. दगडी तट, भोवती पाण्याचा खंदक. १६१९ मध्ये इंग्रजांच्या व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन गुलाम उतरले ते याच टोकाला. पुढे किल्ला बांधला जात होता तेव्हा तिथे काम केलेल्या लष्करी इंजिनिअरांत तरुण रॉबर्ट लीही होता. व्हर्जिनिया फुटली तरी किल्ला उत्तरेच्या ताब्यात राहिला.

२३ मे १८६१ च्या रात्री तीन माणसं एका लहान होडीतून खाडी ओलांडून किल्ल्याशी आली. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी, जेम्स टाउनसेंड. पलीकडच्या काठावर दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधायला त्यांना जुंपलं होतं, आणि आता घरच्यांपासून तोडून नॉर्थ कॅरोलायनाला नेणार असं त्यांच्या कानावर आलं होतं. किल्ल्याचा प्रमुख बेंजामिन बटलर आदल्याच दिवशी रुजू झालेला. तो मुळात वकील, आणि गुलामगिरीविरोधी तर मुळीच नव्हे. वर्षभरापूर्वी पक्षाच्या अधिवेशनात त्याने जेफरसन डेव्हिसच्या, म्हणजे दक्षिणेच्या भावी अध्यक्षाच्या, नावाला मत दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरं निशाण घेऊन आला: कायद्याने हे तिघे परत करा. बटलरचं उत्तर साधारण असं: तुम्हीच म्हणता की व्हर्जिनिया आता परका देश आहे, मग अमेरिकेचा कायदा तुम्हाला कशाला लागू? आणि तुम्हीच म्हणता की ही माणसं मालमत्ता आहेत. शत्रूची जी मालमत्ता युद्धाच्या कामी येते ती जप्त करता येते. मी ती जप्त करतो.

मला हे वाचून आधी हसू आलं. फट सापडलेल्या वकिलाचं कौतुक वाटलं. मग लक्षात आलं की त्या तिघांना त्याने 'माणूस' म्हटलंच नाही. ते माल म्हणून आत आले आणि माल म्हणूनच वाचले. पण बातमी पसरली. काही आठवड्यांत शेकडो लोक किल्ल्याकडे आले, लेकुरवाळ्या बाया, म्हातारे. ऑगस्टमध्ये काँग्रेसला त्याचा कायदा करावा लागला. हे युद्ध केवळ देश एकसंध ठेवण्यासाठी आहे, असं लिंकनचं सरकार अजून म्हणत होतं. होडीतून आलेल्यांनी त्यापूर्वीच ते वेगळ्या गोष्टीसाठी चालवायला घेतलं होतं.

मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ ला आला. तोही आखडत्या हाताने: संघराज्यात राहिलेल्या गुलामगिरीच्या चार राज्यांना लागू नाही, उत्तरेने जिंकलेल्या काही भागांनाही नाही. त्या वगळलेल्या भागांच्या यादीत हॅम्प्टनचाही परगणा होता. पण त्यानंतर सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय माणसं उत्तरेच्या सैन्यात दाखल झाली. अँटीटमला एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून २३ हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा नाहीशी झाली. युद्धातल्या एकूण मृत्यूंचा आकडा सव्वासहा लाखांपासून साडेसात लाखांपर्यंत सांगतात. लढायांची वर्णनं मी फारशी वाचली नाहीत. माझा जीव त्यात रमत नाही.

मी काकांना एवढं सगळं नाही, पण पानभर लिहून पाठवलं. त्यात मुंबईही होती. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने कोंडली, लँकेशायर उपाशी पडलं आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे दलाल सट्ट्याचे राजे झाले, बॅक बेत भर घालायच्या कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले गेले. एप्रिल १८६५ मध्ये ली शरण आला आणि काही महिन्यांत फुगा फुटला. लढाई संपल्याचं दुःख झालेलं शहर, अशी मुंबईची एक ओळख आहे, ती आपण सहसा सांगत नाही. तेजीतले पैसे मात्र आमच्या वाड्याच्या भिंतीत राहिले.

काकांनी पान वाचून विचारलं, "यात आपलं घराणं कुठंय?"

मी म्हटलं, "काका, तुमच्याकडे जुनी वही आहे ना, मोडीतली? त्यात काय आहे?"

वही कुठल्या सालची ते त्यांना नक्की सांगता येईना. पण मोडी त्यांना येते. आत सालगड्यांची नावं, दिलेली उचल, व्याज. काहींच्या पुढे मुलाचंही नाव, म्हणजे बापाची उचल फेडायला मुलगा. ही नावं कुलवृत्तांतात घ्यावीत असं मी सुचवलं. काका बराच वेळ गप्प होते. "कुलवृत्तांत कुळाचा असतो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि सालगडी म्हणजे काही गुलाम नव्हे."

नव्हेच. त्याला लिलावात उभं करता येत नव्हतं, त्याच्या बायकोला दुसऱ्या प्रांतात विकता येत नव्हतं. हा फरक लहान नाही आणि तो पुसायची मला घाई नाही. १८६० च्या जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते आहेत. त्यांत मालकाचं नाव असतं, खाली वय, लिंग, रंग. गुलामाचं नाव बहुतेक कुठे नसतंच. आमच्या वहीत निदान नावं आहेत. म्हणूनच ती छापायला काय हरकत आहे, असं मी म्हटलं. आठवड्याने काकांनी व्हॉट्सॲपवर एका पानाचं देवनागरी लिप्यंतर पाठवलं, बावीस नावं. खाली लिहिलं होतं: छापायचं का ते मग पाहू.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. त्यांनी ते युद्ध आमच्या घराण्यापेक्षा फार वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्यासाठी ती तेजी नव्हती, आपल्या देशबांधवांपुढे ठेवायचा दाखला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्सला गोऱ्यांच्या जमावाने डझनावारी कृष्णवर्णीयांना मारलं, आणि पुढे त्याबद्दल दोषी ठरलेले थोडेथोडके लोकही सर्वोच्च न्यायालयात सुटले. १८७७ पर्यंत उत्तरेने दक्षिणेतून हात काढून घेतला. तरी ती अर्पणपत्रिका मला भाबडी वाटत नाही. त्यांनी कौतुक केलं ते जे घडलं त्याचं, आणि मागणी आपल्या लोकांकडे केली.

सध्या मी रात्री वेगळंच वाचते. युद्ध संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांनी कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, थेट विसाव्या शतकात शिरेपर्यंत. माझी आई हवी आहे, भाऊ हवा आहे. आईचं नाव, तिच्या मालकाचं नाव, ज्या दलालाने नेलं त्याचं नाव, शहर. पाद्र्यांना विनंती असते की हे चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवा, कारण ज्यांना शोधायचं त्यांना वाचता येत असेलच असं नाही. शहर म्हणून रिचमंड बरेचदा येतं. आईचं वर्णन असतं ते शेवटचं पाहिलं तेव्हाचं, तरुण बाईचं. जाहिरात देणारी मुलगी तोवर स्वतः म्हातारी झालेली असते.