कोलोरॅडोकाठ आणि भीमाकाठ

टेंभुर्णीस उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने उजाड माळ आणि कोरडे ओढे पाहण्याकरिता सातासमुद्रांपलीकडे जावे, याचे आमच्या वडीलबंधूंस मोठे नवल वाटले. "करमाळ्याच्या एस. टी.त बसलास तर हेच सारे चार आण्यांत दिसेल," असे ते म्हणाले. चार आण्यांचा काळ केव्हाच गेला असला तरी त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. परंतु चिरंजीवांनी पैसे भरून टाकिले होते. तेव्हा २०२३ च्या आश्विनात आम्ही उभयता लास वेगास शहरी आरामबसमध्ये जाऊन बसलो.

बसमध्ये चाळीस माणसे, बहुतेक आपलीच. पहिल्या तासातच दशम्या आणि लसणाची चटणी बाहेर निघाली. सारथी मात्र तेथला. त्यास दिवसाकाठी दहा तासांहून अधिक वेळ गाडी हाकण्यास कायद्याने मनाई आहे, हे ऐकून आम्हांस आमच्या आगारातील मंडळींची आठवण झाली. बाहेर पाहावे तो मैलोगणती झाड नाही, माणूस नाही. खुरट्या झुडपांचा तांबूस माळ पाहून आमच्या कुटुंबाने जेऊरच्या पुढचा रस्ता असाच असल्याचा निर्वाळा दिला.

दुसऱ्या दिवशी ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावर उभे राहिलो, आणि ही तुलना तेथेच संपली. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब असून काही ठिकाणी १८०० मीटरांहून अधिक खोल आहे. आपली कळसूबाई समुद्रसपाटीपासून मोजून तीत उभी केली तरी तिचे शिखर काठाखालीच राहील. तळाशी वाहणारी नदी वरून सुतळीएवढी दिसते. दरीच्या मध्यभागी उभ्या असलेल्या सुळक्यांपैकी एकास 'विष्णुमंदिर' म्हणतात, दुसऱ्यास 'शिवमंदिर'. जवळच राम आणि कृष्ण यांचीही नावे दिलेली शिखरे आहेत. क्लॅरन्स डटन नामक भूगर्भवेत्त्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पौर्वात्य नावे ठेवण्याची प्रथा पाडिली. तळातील काळ्या जुन्या खडकासही विष्णूचेच नाव आहे. त्याचे वय सुमारे १७० कोटी वर्षे. आपला दख्खनचा काळा पाषाण अवघा साडेसहा कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे पाळण्यातले पोर. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, असा आपल्याकडील हिशेब. त्या मानाने या खडकाच्या जन्मापासून दोन प्रहरही पुरे लोटलेले नाहीत. इतक्या दर्शनास व्यवस्थापकांनी चाळीस मिनिटे नेमून दिली होती! त्यांतील निम्मी मंडळी छायाचित्रे काढण्यात गुंतली, हे निराळे सांगावयास नको.

तिसऱ्या दिवशी पेज नावाच्या गावी गेलो. तेथील अँटिलोप कॅनियन ही नवाहो लोकांच्या मुलखातील घळ. त्यांच्यापैकी वाटाड्या बरोबर असल्यावाचून आत प्रवेश नाही. दोन्ही हात पसरले तर भिंतींस लागावेत इतकी ती काही ठिकाणी अरुंद. तांबड्या वालुकाश्मावर पाण्याने अशा काही लाटा कोरल्या आहेत की, दगड अजून वाहतो आहे असा भास व्हावा. नवाहो भाषेतील तिच्या नावाचा अर्थच 'खडकांतून पाणी वाहते ती जागा' असा आहे. डोक्यावर आभाळ निरभ्र असले तरी दूर कोठे पडलेल्या पावसाचा लोंढा एकाएकी येतो. १९९७ च्या ऑगस्टात अशाच लोंढ्याने अकरा प्रवाशांचा बळी घेतला.

आमची वाटाडी पंचविशीतील मुलगी होती. बाहेर आल्यावर आम्ही तिला सहज जवळच्या धरणाविषयी विचारिले. ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे १९६३ साली बंद झाले आणि मागील जलाशय प्रथम काठोकाठ भरला तो १९८० साली. त्याच साली आमचे उजनीचे धरण पुरे झाले. तिच्या आजीच्या मेंढ्या ज्या ओढ्यांवर पाण्यास जात, ते या जलाशयाखाली गेले. २०२३ च्या आरंभी दुष्काळाने पाणी इतके उतरले की, जलाशय भरू लागल्यापासून ते तितके खाली कधीच गेले नव्हते. बुडालेल्या कित्येक घळी पुन्हा उघड्या पडल्या. "तेव्हा मी आजीला तेथे घेऊन गेले," ती म्हणाली. आजी काय बोलली, असे आम्ही विचारिले. "काही नाही. बसून राहिली."

धरणावर बस थांबली. कड्यांवर पाणी पूर्वी जेथवर होते तेथवर पांढरा पट्टा उमटला होता. मंडळी खाली उतरली. आम्ही उतरलो नाही.

करमाळा तालुक्यातील भीमाकाठचे आमचे मूळ गाव उजनीच्या पाण्यात गेले, तेव्हा वडिलांनी देव्हारा मांडीवर घेऊन बैलगाडीतून टेंभुर्णी गाठली होती. पुढे कित्येक उन्हाळ्यांत पाणी आटले. पलीकडे इंदापूर तालुक्यातील पळसदेवाचे जुने देऊळ उघडे पडून लोक ते पाहावयास जात. पण आमच्या गावाकडे वडील गेले नाहीत आणि आम्हां भावांसही त्यांनी जाऊ दिले नाही. ते वारल्यानंतरही ती मनाई आम्ही तशीच पाळली, का ते एकमेकांस कधी विचारिले नाही.

उरलेल्या दोन दिवसांत ब्राइस आणि झायन झाले. ब्राइस येथे वर्षातील दीडशेहून अधिक रात्री फटींतील पाणी गोठते, दिवसा वितळते. त्याने खडक फुटून सहस्रावधी तांबडे-केशरी सुळके उभे राहिले आहेत. कोल्ह्याच्या रूपातील देवाने दुर्वर्तनी लोकांस दगड केले तेच हे, अशी तेथील मूळच्या पायूट लोकांची कथा. "मग रामाचा पाय लागावयाचा राहिला म्हणायचा," असे आमचे कुटुंब म्हणाले. झायनमधील व्हर्जिन नदी निर्मळ आणि काठची झाडी गर्द आहे; पण खरे सांगावयाचे तर आमचे लक्ष तेथे नव्हते.

२०२४ चा उन्हाळा कडक गेला. उजनीच्या एकंदर साठ्याचा निम्म्याहून अधिक भाग मृत साठा असल्याने तेथे पाणी शून्याखाली उणे टक्क्यांत मोजतात. जूनच्या आरंभी ते उणे साठाच्या जवळ पोचले. तत्पूर्वीच, वैशाखात एके सकाळी, आम्ही वडीलबंधूंस त्या नवाहो आजीची हकीकत सांगितली. ते बराच वेळ अडकित्त्याशी चाळा करीत राहिले. मग म्हणाले, "करमाळ्याची पहिली गाडी किती वाजता असते?"

शेवटचे तीन मैल चालत गेलो. गाळ भेगाळून फरशीसारखा झाला होता. घरांची जोतीसुद्धा ओळखू येईनात. घाट मात्र होता. वडीलबंधूंनी वहाणा काढून पायऱ्या मोजल्या, त्या नऊ भरल्या. पूर्वी अकरा होत्या, दोन गाळात असतील, असे ते म्हणाले. मग आम्ही दोघे पाचवीवर जाऊन बसलो. मुंज झाल्यावर वडील संध्या शिकवावयास आम्हांस त्याच पायरीवर बसवीत असत.