साक्ष द्या, पण गोळी घेऊन!

ऑफिसात कुणी सुट्टी टाकून शिर्डीला चालत जातं, कुणी बुधवारी माहीमला नोव्हेनाला पळतं, कुणी मंगळवारचा उपास धरतं. आपण ‘सही है’ म्हणतो आणि पुढचा मेल उघडतो. श्रद्धा ज्याची त्याची. मलाही हे मान्य. पण एका मुद्द्यावर मी गप्प बसत नाही. तो मुद्दा म्हणजे गोळ्या.

आमचं घर ख्रिस्ती. माझी मावशी फुलंब्रीला असते. संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे निघालं की वाटेत लागतं ते गाव. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, बी.कॉम. झाला, एका दुकानात हिशेब लिहायला लागला आणि हळूहळू त्याला समोर नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. शेजारी कट करतायत, जेवणात काहीतरी घालतायत, असं तो म्हणायचा. मावशीनं त्याला संभाजीनगरला घाटीत नेलं, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात. निदान झालं स्किझोफ्रेनियाचं. गोळ्या सुरू झाल्या, आवाज दबले.

पण दादा दिवसभर पेंगायचा, वजनही वाढलं. शिवाय ‘येडं’ असलेल्या घरात चहाला कोण येणार? अशा वेळी आले ते फक्त प्रार्थनासभेचे लोक. ते दादाचा हात हातात घ्यायचे, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. ही माया कुठल्याच प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेली नसते. इथपर्यंत मी शंभर टक्के त्यांच्या बाजूनं आहे.

मग बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी दादाला विचारलं, “विश्वास आहे ना? मग गोळी कशाला?” दादानं गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी माइक हातात घेऊन साक्ष दिली, म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं बरं केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. हालेलुया झालं, मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि खरं सांगू? तेव्हा तो खरंच फ्रेश दिसत होता.

गोची इथंच आहे, बॉस! या गोळ्या बंद केल्या की आधी जाते ती सुस्ती. आजार परततो तो बहुतेकदा काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. मधल्या त्या छान दिवसांत साक्ष उरकते. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. औषध चालू असलेल्यांपैकी वर्षभरात साधारण २७ टक्के लोकांचा आजार उलटला. औषध काढून नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांत हेच प्रमाण ६४ टक्के होतं.

दादाचा आजार चौथ्या महिन्यात उलटला. तेव्हा कुणी माइक पुढे केला नाही. उलट कानावर आलं, ‘विश्वास कमी पडला असेल.’ म्हणजे बरा झाला तर क्रेडिट प्रार्थनेला आणि बिघडला तर दोष पेशंटला! असं अप्रेझल आपल्या बॉसनं केलं असतं तर आपण त्याच दिवशी पेपर टाकले असते. आधीच दादाला सगळं जग आपल्याविरुद्ध आहे असं वाटायचं. आता देवही विरुद्ध गेला, असं तो म्हणायला लागला.

खरं तर श्रद्धा आणि सायकियाट्रीचं भांडण असायलाच हवं असं नाही. ई. स्टॅन्ली जोन्स हे मेथडिस्ट मिशनरी तरुणपणी भारतात काम करताना मनानं पार कोसळले होते. लखनौच्या चर्चमध्ये प्रार्थना करताना आपण सावरलो, असं ते पुढं सांगत. साक्ष म्हणावी तर अशी! पण याच माणसानं १९५० साली लखनौतच ‘नूर मंझिल’ हे मानसोपचार केंद्र काढलं. कॅथलिक चर्चनंही १९९९च्या सुधारित विधीत बजावलं, की बाधा समजून काही करण्याआधी हा मानसिक आजार तर नाही ना, ते बघा आणि वैद्यकीय तज्ज्ञांचा सल्ला घ्या. आपल्याकडच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही प्रार्थनेला आडकाठी नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा मात्र गुन्हा आहे.

तेव्हा तुमच्याही घरात असं कुणी असेल तर ‘प्रार्थना बंद करा’ म्हणून भांडू नका. गोळीनं सुस्ती येत असेल तर डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. कुणाशी बोलावं कळत नसेल तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो.

आणि तुमच्या पाळकांना, महाराजांना, मौलवींना एवढीच विनंती करा, की डोक्यावर हात ठेवाल तेव्हा एक प्रश्नही विचारा. मावशीच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांनी आमचं ऐकलं. आता दर रविवारी उपासना संपली की ते दादाला दारातच गाठतात. “गोळी घेतली का रे?”

“घेतली,” दादा म्हणतो.

माझ्या लेखी हीच साक्ष.