कोड नवा, टेबल्स जुनी

आमच्या घरच्या मीडियाविकीत आजीचे मालवणी शब्द आहेत. आजी आता नाही, त्यामुळे अपग्रेड म्हटलं की पोटात गोळाच येतो. १.४३ टाकल्यावर त्याने आधी किमान पीएचपी ८.१ मागितलं. दिलं, तर कोरं पान आणि ५०० एरर! अपाचीचा एरर लॉग वाचला: एक जुनं एक्स्टेन्शन नव्या कोडशी जुळत नव्हतं. ते बंद केलं, तर डेटाबेस म्हणे कॉलमच सापडत नाही. अशा वेळी घाबरू नका मंडळी, शब्द कुठे गेलेले नसतात. कोड नवा नि टेबल्स जुनी, एवढंच. बॅकअप आहे ना ते बघा, मग अपडेट स्क्रिप्ट चालवा. ती टेबल्सची रचना बदलते, मजकूर राखते. असो. आत्या परत अर्थांवरून भांडायला लागलीय, म्हणजे विकी चालू आहे!