रिकामे हात

बोईसरची थंडी फार दिवस टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीकडून कोरडा वारा सुटतो आणि दुपारी समुद्रावरचा दमट वारा त्याला परतवून लावतो. पण तेवढ्या पहाटवाऱ्याने हात उलतात. आमच्या सरावलीहून समुद्र लांब नाही, दांडी-नवापूरचा किनारा रिक्षाच्या अंतरावर आहे. हवेत एवढी ओल असूनही इथल्या बायकांच्या बोटांना बारमाही चिरा असतात. त्या चिरा थंडीच्या कमी आणि कामाच्याच जास्त.

तारापूर एमआयडीसीत मी काही वर्षं पॅकिंगला होते. कोरं कापड आणि पुठ्ठा दिवसभर हाताळला की ते हातावरचं सगळं तेल टिपून घेतात. संध्याकाळी घरी येऊन ओढणी सारखी करायला जावं तर बोटांची टोकं तिच्या धाग्यांत अडकत. शेजारची बाई चार घरची धुणीभांडी करते, तिचे हात साबणाने पांढुरके झालेले. तिचा नवरा गवंडी. ओलं सिमेंट कातडी जाळतं, शिवाय त्यातल्या क्रोमियममुळे कित्येकांना खाज आणि पुरळ धरून बसतं. आणि मासळीवाल्या मावशी! पहाटेपासून त्यांचे हात बर्फात आणि मिठाच्या पाण्यात.

यंदा भाचीने अंधेरीहून हातांचे पॅच आणले. चकचकीत पाकिटात जेलीसारखा गारेगार तुकडा, पाठीला पातळ पडदा. हात धुऊन, टिपून तो हाताच्या पाठीवर आणि अंगठ्याच्या बेचक्यात बसवायचा आणि वीस मिनिटं स्वस्थ बसायचं. तो गारवा इतका सुखाचा होता की पहिल्यांदा मी डोळेच मिटले. चिरेवर मात्र चुरचुरलं. पॅच काढला तेव्हा हात मऊ, फुगलेला, कोवळा दिसत होता. सुरकुत्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. मग स्वयंपाकाला लागले, भांडी विसळली, आणि कातडी पुन्हा ओढल्यासारखी झाली.

असं का होतं हे समजून घेतल्यावर पॅचबद्दल माझी तक्रार उरली नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. हा थर म्हणजे भाताच्या खाचराचा बांध आहे. बांध धड असेल तर आतलं पाणी आत राहतं. साबण, सोडा, सिमेंट हे सगळे त्या बांधावरच घाव घालतात. त्यात तळहाताला तेलाच्या ग्रंथीच नसतात. तिथे घाम भरपूर येतो, पण स्वतःचं तेल नाही. म्हणून पाण्यात काम करणाऱ्यांचेच हात सर्वांत कोरडे पडतात. पॅचमधलं पाणी आणि ग्लिसरीन वरच्या थराला ओल देतात, पाठीचा पडदा ती उडू देत नाही. पडदा निघाला की वाफ मोकळी. ती अडवायची तर पॅच काढल्याबरोबर, हात ओलसर असतानाच, वरून काहीतरी ओशट लावायला हवं.

ते ओशट आपल्याकडे पूर्वीपासून आहे. तळकोकणात कोकमाच्या बियांचं मुठेल भेगांना लावतात. आमच्या डहाणू-पालघर पट्ट्यात वारली घरांतून मोहाच्या बियांचं तेल असतं. थंडीत ते थिजतं, तळहातावर घेतलं की विरघळतं. व्हॅसलिनची गोष्टही मला फार आवडते. अमेरिकेतल्या तेलविहिरींवरचे कामगार पंपाच्या दांड्यांवर साचणारा मेणचट गाळ आपल्या कापलेल्या-भाजलेल्या हातांना लावत. रॉबर्ट चेसब्रो या रसायनज्ञाने तो पाहिला, शुद्ध केला आणि 1872 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जगभर गेलेलं हे औषध आधी कामगारांच्या हातांनी ओळखलं होतं, हे एमआयडीसीच्या गावात राहणाऱ्या मला फार मोलाचं वाटतं.

आता मी रात्री सगळं आवरल्यावर पॅच लावते, नंतर व्हॅसलिन चोपडते आणि जुने सुती मोजे हातात घालून झोपते. अंगठ्याजवळची चीर मिटत आली आहे. मात्र लाली, खाज, पाण्याचे फोड असतील तर पॅच लावत बसू नये, त्वचेच्या डॉक्टरांना हात दाखवावा. कारखान्यात रसायनं हाताळणाऱ्यांनी तर नक्कीच, आणि आपण काय हाताळतो तेही त्यांना सांगावं.

या पॅचने मला खरं दिलं ते वीस मिनिटांचं बसणं. तो लावला की पीठ मळता येत नाही, भाजी चिरता येत नाही, कुणाचं डोकं विंचरता येत नाही. पाकिटाची किंमत एकवेळ परवडेल. पण ज्या हातांना ही ओल सर्वांत जास्त हवी, त्यांना रिकामं बसणं परवडत नाही. पॅकिंगच्या लाइनवरच्या पोरींना कोण वीस मिनिटं देणार? माझ्या मते हातमोजे, धुतल्यावर टिपायला कोरडं फडकं आणि नळाशेजारी मलमाची डबी कामाच्या प्रत्येक जागी असायला हवी. हात मोडले तर काम कुठून होणार?

उरलेली पाकिटं मी मासळीवाल्या मावशींना दाखवली. त्यांनी एक उलटसुलट करून पाहिलं, नाकाशी नेलं.

"कोयता धरता येईल का गो बाय, हे लावून?"

"नाही मावशी. हात तसाच ठेवायचा, वीस मिनिटं."

त्या हिशोब करू लागल्या. रविवार तर नाहीच, बुधवारीही गिऱ्हाईक असतं, शुक्रवारी तर मान वर करायला वेळ नसतो.

"सोमवारी ये," त्या म्हणाल्या. "सोमवारी कोन मासळी खातंय? दोन्ही हातांना लाव."