दोनशे चौदा जण

एप्रिल 2013 मध्ये पॅट्रिक आणि डॅनियल क्लूग या दोन भावांनी आपला गेम विकायला काढला आणि त्याची फुकटची 'क्रॅक्ड' कॉपीही स्वतःच टोरंटवर टाकली. गेमचं नाव 'गेम डेव्ह टायकून'. यात आपण गॅरेजमध्ये गेम कंपनी काढतो आणि वाढवतो. फुकटच्या कॉपीत फरक एवढाच, की कंपनी जरा नावारूपाला आली की लोक तुमचे गेम चोरू लागतात आणि तुमचं दिवाळं निघतं. यावर फुकट खेळणाऱ्यांनीच तक्रारी केल्या, की पायरसी रोखायचा काही उपाय द्या ना! मला अजून हसू येतं.

आकडे बघितले की ते ओसरतं. पहिल्या दिवशी किमान 3,104 जण ती कॉपी खेळले. विकत घेणारे 214. किंमत आठ डॉलर, म्हणजे जमले जेमतेम सतराशे.

ते 3,104 जण सगळे गिऱ्हाईकच होते, असं मी म्हणणार नाही. ज्या पोराकडे परदेशात पैसे भरायला कार्डच नाही, तो तसाही घेणार नव्हता. पण मोठ्या कंपनीकडे दहा गेम असतात, एक बुडाला तरी बाकीचे तारतात. या दोघांकडे एकच होता.

तो पुढे चांगला चालला. त्यात टोरंटच्या त्या बातमीचा मोठा वाटा असणार, असं मला वाटतं. त्यांच्यानंतर गेम काढणाऱ्यांना मात्र तीच युक्ती करून बातमीत येणं शक्य नव्हतं.